फ्लेक्स खराब आला? टांगण्याआधी हे वाचा

गणेशोत्सव, जयंती, दुकानाचं उद्घाटन… फ्लेक्स येतो बहुतेक आदल्या रात्री, आणि घाईत कुणी तो उलगडूनही बघत नाही. कृपया बघा, आणि डिलिव्हरी देणाऱ्यासमोरच बघा!

नुसत्या वळ्या असतील तर घाबरू नका. फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर. थोडा वेळ उन्हात पसरला की वळ्या बऱ्याच सैल होतात. पण घडीवर शाई तडकली असेल, किंवा ओली असतानाच गुंडाळल्यामुळे चिकटून निघाली असेल, तर तो दोष दुरुस्त होत नाही. तिथे नवीन प्रिंटच मागायची.

लगेच फोटो काढा: एक पूर्ण फ्लेक्सचा, एक दोषाचा जवळून, एक पॅकिंगचा. बिलासोबत त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नुसत्या फोनवर भागवू नका, लेखी हवंच. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार माल तपासायची वाजवी संधी हा खरेदीदाराचा हक्क आहे. पण वाजवी मुदतीत कळवलं नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून खराब फ्लेक्स आधी टांगून मग तक्रार करणं फार महागात पडू शकतं.

पुढच्या ऑर्डरला फ्लेक्सचा जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) बिलावर लिहून घ्या, आणि फ्लेक्स घडी न घालता, छपाई बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायला सांगा.