जुन्या मोटारीचा हात मागच्याला दिसतो का?

झाशीच्या सीपरी बाजारातली संध्याकाळ. रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली, मध्येच एखादी गाय. समजा, या गर्दीत १९५२ची एक मॉरिस मायनर शिरली. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एखाद्या घरातली, आजोबांच्या हौसेची, दसऱ्याला झेंडूची माळ मिरवणारी. गॅरेजमधून ती घरी परत निघाली आहे. चालवणाऱ्याला उजवीकडे वळायचं आहे. तो खटका फिरवतो आणि दरवाजामागच्या खांबातून वीतभर लांबीचा एक हात 'टक्' करून बाहेर येतो. हाताच्या पोटात मिणमिणता केशरी दिवा. फुटपाथवरची पोरं टाळ्या वाजवतात.

मागून येणारा मोटारसायकलवाला मात्र लुकलुकणाऱ्या दिव्याची वाट पाहतोय. असा हात त्यानं जन्मात पाहिलेला नाही. त्याच्या लेखी ही गाडी सरळच चालली आहे.

या हाताला ट्रॅफिकेटर म्हणतात. पन्नाशीच्या दशकापर्यंत अनेक युरोपियन गाड्यांना तो असे. मॉरिस मायनरनं तर १९६१ साली कुठे तो सोडला आणि लुकलुकणारे दिवे घेतले. त्या काळच्या रस्त्यावर तो पुरेसा होता. मागे टांगा, फार तर दुसरी मोटार, आणि दोघांनाही घाई नाही! आजची झाशी वेगळी आहे. श्रीनगर-कन्याकुमारी आणि पोरबंदर-सिल्चर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. बाजारातून निघून शिवपुरीची (तिचंही जुनं नाव सिप्रीच) वाट धरली, की मागे भरधाव ट्रक असतो. तेव्हा प्रश्न शोभेचा राहत नाही. आपली गाडी मागच्याला दिसते का, आणि ती काय करणार आहे हे त्याला कळतं का?

सुरुवातीच्या मोटारींना तर कार्बाइडचे दिवे असत. पाणी आणि कॅल्शियम कार्बाइड एकत्र आलं की गॅस तयार व्हायचा आणि तो पेटवायचा. जत्रेतल्या दुकानांवर असे दिवे पाहिलेली मंडळी घरोघरी सापडतील. १९१२ साली कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले. नंतर हळूहळू सगळ्यांनीच ती वाट धरली.

आधी वायर, मग बल्ब

जुनी गाडी घेतलेला हौशी माणूस पहिली चूक करतो ती बाजारातून झगझगीत बल्ब आणण्याची. खरं दुखणं बहुधा बल्बात नसतंच. पन्नास-साठ वर्षांत वायरींवरचं कापडी वेष्टण कुजतं, जोडांवर हिरवट गंज चढतो. दिव्यातून परतणारी वीज गाडीच्या पत्र्यातून जाते. तिथे रंगाचा किंवा गंजाचा थर असला, की वाट अडते.

हिशेब पाहण्यासारखा आहे. १९५५च्या आधीच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. फोक्सवॅगन बीटल तर त्यानंतरही कैक वर्षं सहा व्होल्टवरच होती. छत्तीस वॉटच्या दिव्याला बारा व्होल्टवर तीन अँपिअर लागतात, सहा व्होल्टवर सहा. म्हणजे तारेवर दुप्पट भार. वाटेत फक्त अर्धा व्होल्ट हरवला, तरी दिव्याचा उजेड जवळपास पाव हिश्श्यानं घटतो! म्हणून चांगला मिस्त्री आधी पॉलिश पेपर घेऊन बसतो. पत्र्याशी जोडलेली प्रत्येक जागा घासून चकचकीत करतो, जाड वायर ओढतो, फ्यूज घालतो आणि हेडलाईटसाठी रिले बसवतो. रिलेमुळे जड प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक खटक्यातून जात नाही. एवढ्यानंच निम्म्या तक्रारी मिटतात.

त्यानंतर हेडलाईट. फियाट, अँबेसिडर, जीप यांना सात इंची गोल दिवे, म्हणून त्याच मापाचे साठ-पंचावन्न वॉटचे हॅलोजन दिवे बॉडीला हात न लावता बसतात. पण दोन दिव्यांना फुल बीमवर दहा अँपिअर लागतात आणि जुना डायनामो भरात असताना जेमतेम वीसेक अँपिअर देतो. सिग्नलला गाडी थांबली की तोही सुस्तावतो. तेव्हा डायनामोचं बळ पाहूनच बल्ब निवडावा. परदेशातून दिवा मागवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं वाहनं चालतात त्या देशांतल्या दिव्याचा डिपर उजवीकडे झुकलेला असतो. आपल्याकडे तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आणि दिव्यातली चांदीची वाटी राख-चिंच लावून कुणीही घासू नये, मुलामा निघून जातो. ती पुन्हा मुलामा द्यायलाच पाठवावी.

लुकलुक कशी आणायची?

ट्रॅफिकेटर काढून टाकायची मुळीच गरज नाही. तो चालू ठेवावा, मुलांना दाखवावा. त्याच्या जोडीला पुढे-मागे केशरी इंडिकेटर लावावेत. बंपरच्या बोल्टलाच पट्टी अडकवून ते बसतात, पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. मागे एकच लहानसा लाल दिवा असेल, तर मागच्या काचेच्या आतून एक जादा ब्रेक लाईट लावावा. रॅलीच्या दिवशी तो काढून ठेवता येतो.

एलईडी दिव्यांना वीज कमी लागते, म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला ते वरदानच. पण इथे दोन खाचखळगे आहेत. जुन्या फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी बल्बच्या प्रवाहानं तापते, वाकते आणि दिवा लुकलुकतो. एलईडीच्या किरकोळ प्रवाहानं ती तापतच नाही. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो, मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा लुकलुकणारा. दुसरं असं, की कित्येक जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. हे न पाहता जोडणी केली, तर एलईडी पेटत नाही आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर जळून जाऊ शकतो. जुन्या हेडलाईटमध्ये एलईडी बल्ब खुपसणं तर टाळावंच. वाटीचा आकार तारेच्या बल्बासाठी बेतलेला असतो, उजेड भलतीकडे फाकतो.

मग गाडीचं जुनेपण बाटतं का? २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर घेता येतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या फेऱ्यांसाठी नाही. बंपरच्या बोल्टला अडकवलेला इंडिकेटर या तिन्हींना धक्का लावत नाही. तरी नोंदणीआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा'ही हेच सांगते, की बदल नजरेत न भरणारा, पुन्हा काढता येणारा असावा आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत. बिस्किटाचा पत्र्याचा डबा त्यासाठी उत्तम. कुठला स्क्रू कुठला, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवायला विसरू नये.

काम झालं की तपासणी दिवसा करू नये. दिवेलागणीला गाडी गल्लीत उभी करावी, इंजिन मंद चालू ठेवावं आणि घरातल्या कुणाला तरी पन्नास पावलं मागे उभं करावं. मग ब्रेक दाबावा, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. कशाचा दिवा लागला, ते न विचारता मागून सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पुन्हा पॉलिश पेपर काढायचा!