मृगाच्या आधी

भोर तालुक्यातील कामथडी हे पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. वैशाख सरत आला म्हणजे या मुलखातील गावांत घर शाकारण्याची जुनी रीत आहे. फुटकी कौले बदलावयाची, पन्हळीतला पालापाचोळा काढावयाचा, सरपण व गोवऱ्या आडोशाला न्यावयाच्या, खाचरांचे बांध नीट करावयाचे आणि ओढ्याकडे जाणारा चर मोकळा करावयाचा. पुढे स्लॅबची घरे आली, कौले कमी झाली. पण चराचे काम काही चुकले नाही. जूनच्या ७-८ तारखेस मृग लागते. त्याच्या आत झाले ते काम खरे. भर पावसात छपरावर चढणे म्हणजे हातपाय मोडून घेणे.

शहर म्हणजे तरी काय, एक मोठे घरच होय. रस्ता हे त्याचे छप्पर, पावसाळी गटार ही त्याची पन्हळ आणि ओढा हा त्याचा चर. फरक इतकाच की, गावात शेजाऱ्याचे फुटके कौल सर्वांना दिसते. शहराचे जमिनीखाली दडलेले असते. ही कामे पावसाआधीच का करावी लागतात आणि ती झाली की नाही हे साध्या नागरिकाने कसे ओळखावे, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे. वसंतातील व्याख्यानांचे दिवस आणि या कामांचे दिवस एकच असतात, हेही एक निमित्त.

प्रथम रस्ता. खडीला खडी धरून ठेवण्याचे काम डांबर करते, आणि ही पकड सोडवणारा मोठा शत्रू म्हणजे पाणी. भेगेवर पाणी साचले व त्यावरून मालमोटारीचे चाक गेले की, पाणी दाबाने आत घुसते. चाक पुढे सरकताच बारीक माती घेऊन ते बाहेर येते. असे हजारदा झाले की खालचा थर पोकळ होतो आणि वरचा खचतो. यालाच आपण खड्डा म्हणतो. मे महिन्यात बोटभर भेग बुजवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे असते. तेच ऑगस्टात करू म्हटले, तर ओल्या खडीला डांबर चिकटत नाही. रस्त्याचा माथा मध्ये उंच व कडा उतरत्या ठेवतात, त्या पाणी निघून जावे म्हणून. तेव्हा पहिल्या सरीनंतर पाणी रस्त्याच्या मध्ये थांबते की कडेला जाते, एवढे पाहिले तरी पुष्कळ समजते.

सिग्नलचे काम लहान वाटते, पण त्यात जीव गुंतलेला असतो. पेटीचे झार बंद आहे ना, तारांचे सांधे कोरडे आहेत ना, खांबाची अर्थिंगची तार जागेवर आहे ना, हे पावसाआधी तपासावे लागते. नाही तर ओल्या खांबात वीज उतरते. ओल्या रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. म्हणून दिव्यावर आलेली झाडाची फांदी याच दिवसांत छाटावी लागते.

आता गटारे. यांचे दोन प्रकार आहेत. पावसाचे पाणी ओढ्यानदीला नेते ते पावसाळी गटार आणि घरांतील सांडपाणी नेते ती मैलावाहिनी. पहिल्यातला गाळ काढून काठावरच ठेवला, तर पहिला पाऊस तो परत आत लोटतो. म्हणून गाळ निघाला एवढ्यावर समाधान मानू नये. तो उचलून नेला का, हे पाहावे. पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या पाण्याच्या भुयारी मार्गावर जागोजागी उसासे ठेवले होते, हे पुण्याच्या लोकांस ठाऊक आहेच. जे जमिनीखाली बांधावयाचे, तेथे पुन्हा पोचण्याची वाटही ठेवावयाची, ही समज जुनीच आहे.

मैलावाहिनीची गोष्ट अधिक गंभीर आहे. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निघतो. थोडा असेल तर त्याला कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. पण तो फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, हवा स्वच्छ आहे. आणि तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो. संरक्षणाची साधने न देता माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मरण आलेल्यांच्या कुटुंबांस १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. आपल्या गल्लीत यंत्राऐवजी माणूस उतरताना दिसला, तर ते काम तेथेच थांबवावयास सांगणे हे आपले कर्तव्य होय.

झाकणाचेही तसेच. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत तुंबलेले पाणी जावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून एक नामवंत डॉक्टर वाहून गेले. पाणी तुंबले, तेथपर्यंत चूक आकाशाची म्हणता येईल. उघड्या तोंडापाशी इशारा नसणे ही माणसाची.

मात्र साफसफाई सर्व काही करू शकते, असेही आम्ही म्हणणार नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याचा आंबिल ओढा फुगला, भिंती कोसळल्या. खेड शिवापूरकडेही माणसे वाहून गेली. जिल्ह्यात वीसहून अधिक जीव गेले. यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक, पाऊस मेमधली सफाई पाहून थांबत नाही. गणपतीच्या सुमारास गाळ पुन्हा पाहावा लागतो. दुसरी, ओढ्याचे पात्र भरावाने व भिंतींनी आवळले असेल, तर गाळ कितीही काढा, गेलेली रुंदी परत मिळत नाही. कामथडीहून पुण्यास येताना लागणाऱ्या शिंदेवाडीच्या हद्दीत २०१३ च्या जूनमध्ये डोंगरावरून आलेल्या लोंढ्यात एक आई व तिची लहान मुलगी गेली. डोंगर फोडताना पाण्याची वाट मोडली होती.

नव्या पुलाला कोनशिला असते, फीत कापली जाते. साफ केलेल्या गटाराला काही नसते. ते नीट चालले, हेच त्याचे न दिसणे. ज्या कामाची वाहवा होत नाही, ते अंदाजपत्रकात प्रथम कापले जाते. म्हणून त्याची चौकशी नागरिकांनीच ठेवली पाहिजे. आमच्या गल्लीची जाळी केव्हा साफ झाली, गाळ कोठे गेला, आत कोण उतरले, असे तीन प्रश्न मृगाच्या आधी विचारावेत. त्याला विद्वत्ता लागत नाही. कौले चाळणाऱ्या शेतकऱ्याला जेवढी लागते तेवढी जागरूकता पुरे.