रक्तातील रक्षक पेशींची ओळख : ‘सीडी ४’ अहवाल कसा वाचावा?

एचआयव्हीबाधित रुग्ण आपल्या चिकित्सालयात येतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा ‘सीडी ४’ तपासणीचे अहवाल असतात. समजा, काही महिने रसायन चिकित्सा घेतल्यावर त्याचा आकडा ४५० वरून ५७६ झाला. रुग्णास आनंद होतो, आणि आपली योजना फलद्रूप झाली असे वैद्यासही वाटते. या समाधानाच्या भरात रुग्णाने एआरटीची औषधे स्वतःहून बंद केली, तर मात्र ते त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा आकडा कसा निघतो व त्यावर कितपत विसंबावे, हे प्रत्येक वैद्याने आणि औषधालय चालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

सूक्ष्मदर्शकाची मर्यादा

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगविला असता न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, मोनोसाइट, लिंफोसाइट इत्यादी पांढऱ्या पेशी वेगळ्या ओळखता येतात. परंतु लिंफोसाइटमध्येही टी, बी आणि एनके असे भिन्न कार्य करणारे प्रकार आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते जवळजवळ सारखेच दिसतात. त्यांच्यातील भेद पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत असतो. या प्रथिनांना ‘सीडी’ क्रमांक देण्याची पद्धत १९८२ साली पॅरिस येथे भरलेल्या परिषदेपासून रूढ झाली.

विशिष्ट प्रथिनासच चिकटणारे एकजिनसी प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची रीत कोहलर व मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रतिपिंडांना प्रकाशमान रंगद्रव्य जोडले, की पेशीची ओळख पटविण्याचे साधन हाती येते.

यंत्राचे कार्य

ईडीटीए असलेल्या नळीत घेतलेल्या रक्तात हे रंगीत प्रतिपिंड मिसळून सुमारे १५ ते २० मिनिटे अंधारात ठेवतात. नंतर तांबड्या पेशी विरघळवून नमुना यंत्रात सोडतात. तेथे द्रवाच्या बारीक धारेतून पेशी एकामागून एक अशा लेसर किरणासमोरून जातात. पुढील दिशेने पसरणाऱ्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा, बाजूस पसरणाऱ्या प्रकाशावरून तिच्यातील कणमयतेचा, आणि रंगद्रव्याच्या चमकेवरून पृष्ठभागावरील प्रथिनांचा बोध होतो. अल्पावधीत हजारो पेशी अशा रीतीने तपासल्या जातात.

मुख्य खुणा पुढीलप्रमाणे लक्षात ठेवाव्यात :

१) सीडी ४५ – सर्व पांढऱ्या पेशी.
२) सीडी ३ – टी लिंफोसाइट.
३) सीडी ३ व सीडी ४ एकत्र – साहाय्यक टी पेशी.
४) सीडी ३ व सीडी ८ एकत्र – बाधित पेशींचा नाश करणाऱ्या टी पेशी.
५) सीडी १९ – बी लिंफोसाइट, प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशी यांच्यापासूनच होतात.
६) सीडी १६ व सीडी ५६ असून सीडी ३ नसणे – एनके पेशी.
७) सीडी १४ – मोनोसाइट.

मोनोसाइटवरही सीडी ४ अल्प प्रमाणात असते. म्हणून केवळ सीडी ४ पाहून भागत नाही. सीडी ३ ची जोड लागते. रक्ताच्या कर्करोगात विकृत पेशी कोणत्या कुळातील आहेत हे ठरविण्यासही याच तंत्राचा आधार घेतात.

आकडा का बदलतो?

निरोगी प्रौढात दर मायक्रोलिटर रक्तात साधारणतः ५०० ते १५०० सीडी ४ पेशी असतात. अनेक ठिकाणी ही संख्या तीन आकड्यांच्या गुणाकारातून काढतात. वरील रुग्णाचेच उदाहरण घेऊ. पहिल्या वेळी पांढऱ्या पेशी ६०००, त्यांत लिंफोसाइट ३० टक्के, म्हणजे १८००. आणि त्यांपैकी सीडी ४ पेशी २५ टक्के, म्हणजे ४५०. दुसऱ्या वेळी पांढऱ्या पेशी ७२००, लिंफोसाइट ३२ टक्के, म्हणजे २३०४. त्यांचे २५ टक्के म्हणजे ५७६. संख्या १२६ ने वाढली, पण सीडी ४ चे शेकडा प्रमाण तेच राहिले! ही वाढ औषधाची की त्या दिवसाच्या रक्तस्थितीची, हे एका अहवालावरून सांगता येत नाही.

शिवाय सकाळी ही संख्या कमी व सायंकाळी अधिक असते. तीव्र ज्वर, अन्य जंतुसंसर्ग व स्टेरॉइड यांनी ती घटते. म्हणून तुलना करावयाची असेल, तर नमुना त्याच प्रयोगशाळेत, दिवसाच्या त्याच वेळी द्यावा. संख्येसोबत शेकडा प्रमाणही पाहावे, आणि एका आकड्यापेक्षा अनेक अहवालांचा कल लक्षात घ्यावा. औषधालयात रक्तसंकलनाची सोय असल्यास हा नमुना शीतपेटीत न ठेवता सामान्य तापमानात, प्रयोगशाळेने दिलेल्या मुदतीत पोहोचवावा.

आपले कर्तव्य

भारतात शासनाची मोफत एआरटी योजना २००४ साली सुरू झाली. प्रारंभी सीडी ४ संख्या ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर औषधे सुरू करीत. २०१७ पासून मात्र संख्या कितीही असली तरी निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. सीडी ४ संख्या २०० च्या खाली गेल्यास न्यूमोसिस्टिस न्यूमोनियासारख्या संधिसाधू संसर्गाचा धोका वाढतो. ते ओळखण्यासाठी ही तपासणी आजही मोलाची आहे. परंतु विषाणू आटोक्यात आहे की नाही हे व्हायरल लोड तपासणीच सांगते. सीडी ४ वाढले म्हणून विषाणू गेला, असा अर्थ कदापि काढू नये. एआरटी थांबताच विषाणू पुन्हा वाढू लागतो.

व्याधिक्षमत्व ही आपल्या शास्त्रातील व्यापक संकल्पना आहे. बल, अग्नी, निद्रा, मन या साऱ्यांचा विचार तीत येतो. तिला एका पेशीच्या संख्येत बसविणे हे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे ठरेल. अशा रुग्णास आपण काही देत असलो, तर त्याची माहिती एआरटी केंद्रातील चिकित्सकास द्यावयास सांगावे. एआरटी अखंड चालू ठेवण्याविषयी त्यास प्रत्येक भेटीत बजावावे, आणि त्याच्या व्याधीविषयी पूर्ण गोपनीयता पाळावी. अहवालातील आकडा वैद्याने वाचावा, पण निर्णय रुग्णाच्या समग्र अवस्थेवरून घ्यावा, एवढेच या निमित्ताने नम्रपणे सुचवावेसे वाटते.