गोव्याचा प्रश्न आणि साम्यवादाची भीति

भारत १९४७ सालीं स्वतंत्र झाला. मग गोवा आणखी चौदा वर्षें पारतंत्र्यांत कां राहिला? सालाझारचा हट्ट आणि शस्त्र न उचलण्याचें नेहरूंचें धोरण, हीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. तिसरें कारण गोव्यापासून फार दूर, अटलांटिक महासागरांत होतें. तेथील अझोर्स बेटें पोर्तुगालचीं. आणि रशियाशीं युद्ध जुंपल्यास तेथील विमानतळ अमेरिकेस अत्यावश्यक. म्हणून हुकूमशाही पोर्तुगालहि १९४९ च्या उत्तर अटलांटिक करारांत मूळचा सभासद झाला. साम्यवादाच्या भीतीपुढें वसाहतवादाचा दोष क्षम्य ठरला.

मे १९५५ मध्यें सेनापति बापट व ना. ग. गोरे सत्याग्रहींसह गोव्यांत शिरले. १५ ऑगस्ट रोजीं तर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसाहून अधिक जण बळी पडले. वर्षाअखेर रशियाचे बुल्गानिन व ख्रुश्चेव्ह भारतांत आले आणि त्यांनीं गोव्याबाबत भारताचा पक्ष उघडपणें घेतला. त्यास उत्तर म्हणून २ डिसेंबर रोजीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनीं पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांसह पत्रक काढलें. त्यांत पूर्वेकडील वसाहतींना 'पोर्तुगीज प्रांत' म्हटलें होतें. सत्याग्रहींच्या रक्ताहून रशियन पाहुण्यांचीं भाषणेंच वॉशिंग्टनला अधिक खुपलीं!

डिसेंबर १९६१ मध्यें भारतीय सैन्य गोव्यांत उतरलें, तेव्हां सुरक्षा समितींत भारताविरुद्ध मांडलेला ठराव रशियाच्या नकाराधिकारानें फेटाळला गेला. ज्या रशियापासून भारतास दूर ठेवावयाचें, त्याचेंच ऋण भारतावर चढलें. भीतीनें आखलेलें धोरण अनेकदां भीतीचें कारणच बळकट करतें, तें असें.