स्मृतिभ्रंश : रुग्णालयीन शुश्रूषा

स्मृती, भाषा, निर्णयशक्ती व दैनंदिन व्यवहारक्षमता यांचा क्रमाक्रमाने ऱ्हास करणाऱ्या लक्षणसमूहास स्मृतिभ्रंश म्हणतात. आल्त्सहायमर रोग हे त्याचे सर्वांत सामान्य कारण होय. आलोइस आल्त्सहायमर या जर्मन वैद्यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झालेल्या एका स्त्रीच्या आजाराचे विवेचन १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे केले. भारतात ६० वर्षांवरील सु. ७.४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

असा रुग्ण बहुधा अस्थिभंग, फुप्फुसदाह वा मूत्रमार्गाचा संसर्ग यांसाठी रुग्णालयात येतो. अपरिचित जागा, रात्रीचा प्रकाश व निद्रानाश यांमुळे त्याचा गोंधळ वाढतो. थोड्या तासांत किंवा दिवसांत अवधान ढळून कमीजास्त होणारी भ्रमावस्था उद्‌भवल्यास ती मुग्धभ्रांती समजावी. संसर्ग, निर्जलीभवन, वेदना, मलावरोध, मूत्रावरोध व काही औषधे ही तिची प्रमुख कारणे असून ती बहुधा उपचारसाध्य असतात. ‘म्हातारपणाचा चळ’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास रुग्णाच्या जिवास धोका संभवतो. हातपाय बांधल्याने अस्वस्थता वाढते व इजा होऊ शकते. शामक औषधेही प्रथमोपाय म्हणून देऊ नयेत.

रुग्णाची पूर्वपीठिका जाणल्याशिवाय त्याच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. लातूर जिल्ह्यातील निलंगा तालुका कर्नाटकाच्या सीमेस लागून असल्याने तेथे मराठीबरोबर कन्नड व उर्दूही बोलली जाते. मागाहून शिकलेली भाषा विसरून रुग्ण पुष्कळदा बालपणीच्या भाषेकडे वळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या परिसरातील अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. तेथील वृद्ध जुन्या गावठाणातील घरी जाण्याचा हट्ट धरू शकतो. त्याच्याशी वाद न घालता त्या घराविषयीच त्याला बोलते करावे. निरक्षर व्यक्तीची परीक्षा लेखन-वाचनावर आधारलेल्या प्रश्नांनी घेऊ नये.

चष्मा, श्रवणयंत्र व कवळी रुग्णाजवळ असावी. पाणी व अन्न वेळोवेळी स्वतः पुढे करावे, कारण तो मागेलच असे नाही. वेदना चेहऱ्यावरून व हालचालींवरून ओळखावी. शक्य तितक्या लवकर त्यास चालते करावे. परिचित नातलग उशाशी असणे हा मोठा आधार होय. तथापि जागरणाचा भार एकाच सुनेवर वा मुलीवर पडू नये, म्हणून पाळी ठरवावी. घरी पाठविताना औषधांचे वेळापत्रक व धोक्याची लक्षणे नातलगांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावीत.