आकड्यांच्या पेढीवरील उमेदवारी

बँक म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते ती रोखपालाची खिडकी, पासबुक आणि मुदत ठेवीची पावती. गुंतवणूक बँक ही संस्था मात्र निराळी. तिच्या दारी कोणी बचत खाते उघडावयास जात नाही. कारखान्याला विस्तारासाठी भांडवल हवे असेल, एका कंपनीला दुसरी विकत घ्यावयाची असेल, किंवा आपले शेअर प्रथमच जनतेला विकावयाचे असतील, तर त्या व्यवहाराची आखणी करणे, किंमत सुचविणे आणि गुंतवणूकदार शोधणे ही कामे ती शुल्क घेऊन करते. आपल्या देशात असे काम करणाऱ्या पेढीला मर्चंट बँकर म्हणतात. जनतेला शेअर विकण्याच्या व्यवहाराचे काम ‘सेबी’कडे नोंदणी केल्यावाचून तिला करता येत नाही.

या पेढ्यांत दर वर्षी विद्यार्थी उमेदवारीसाठी येतात. आपल्याकडील व्यवस्थापन संस्थांत पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधले सुमारे दोन महिने त्यासाठी राखलेले असतात. न्यूयॉर्क व लंडन येथे हा काळ बहुधा दहा आठवड्यांच्या आसपास असतो. मानधन चांगले मिळते, परंतु खरे आकर्षण पुढेच आहे. काम पसंत पडले तर उमेदवारी संपताच कायम नोकरीचे निमंत्रण येऊ शकते. म्हणून ही उमेदवारी म्हणजे वस्तुतः कित्येक आठवडे चालणारी एक मुलाखतच होय.

काम कोणते?

कोट्यवधींच्या व्यवहारांची स्वप्ने घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या दिवशी पडतात ते जुने वार्षिक अहवाल. ताळेबंद वाचावयाचे, आकडे एक्सेलच्या तक्त्यात भरावयाचे, त्याच धंद्यातील इतर कंपन्यांशी तुलना करावयाची आणि सारे सादरीकरणाच्या पानांवर नीटनेटके मांडावयाचे, हा त्याचा नित्यक्रम. स्वल्पविराम चुकला तरी पान परत येते.

या शुष्क कामातही एक शिक्षण दडलेले असते. व्याजाचा दर १० टक्के धरला, तर एका वर्षाने मिळणाऱ्या ११० रुपयांचे आजचे मोल १०० रुपये. याच न्यायाने कंपनीच्या भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य काढतात. एखाद्या उद्योगातून दर वर्षी १० कोटी रुपये अखंड मिळत राहतील असे मानू. १० टक्के दराने त्याचे मूल्य १०० कोटी होते. दर ८ टक्के धरताच तेच १२५ कोटी होते. उद्योग तोच, यंत्रे तीच, कामगारही तेच. बदलले ते केवळ एक गृहीत. वरिष्ठाने “हा दर कोठून आणला?” असे विचारल्यावर ज्याला उत्तर देता येते, तो काही शिकला असे समजावे.

रात्रीचा प्रश्न

या उमेदवारीची दुसरी बाजू मात्र गंभीर आहे. वरिष्ठ मंडळी दिवसभर बैठकांत असतात. त्यांच्या दुरुस्त्या सायंकाळी येतात आणि सुधारलेली पाने सकाळी हवी असतात. त्यामुळे दिवसाचा काही भाग वाट पाहण्यात आणि रात्रीचा बराच भाग कामात जातो. शिवाय नोकरीच्या जागा थोड्या. सर्वांत आधी उठून घरी जाण्याचे धाडस कोणी करीत नाही.

ऑगस्ट २०१३ मध्ये लंडन येथे एका बँकेतील २१ वर्षांच्या उमेदवाराचा मृत्यू झाला. अपस्माराच्या झटक्याने तो घडला, असे चौकशीत आढळले. थकव्याने झटका आला असणे शक्य आहे, पण तसे निश्चित म्हणता येत नाही, असेही तेथे सांगण्यात आले. या घटनेने साऱ्या जगाचे लक्ष वेधले. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने उन्हाळी उमेदवारांना मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत कार्यालयात थांबण्यास मनाई केली. तरीही २०२१ मध्ये त्याच संस्थेतील १३ नवोदित कर्मचाऱ्यांनी आपली पाहणी मांडली, तीत आठवड्याचे सरासरी काम सुमारे ९५ तास आणि रात्रीची झोप पाच तास आढळली. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठांसाठी बहुतेक प्रसंगी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. सहा दिवसांत वाटले तर हेही दररोज तेरा तासांहून अधिकच होतात!

घराने काय करावे?

मुलाची किंवा मुलीची निवड झाली की घरात पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. पण त्याबरोबर काही चौकशीही करावी. साप्ताहिक सुटी खरोखर मिळते काय? रात्री उशिरा परतण्यासाठी वाहनाची सोय आहे काय? अपस्मार, मधुमेह यांसारखा विकार असल्यास वैद्याचा सल्ला आधीच घ्यावा आणि औषधांच्या व झोपेच्या वेळांत तडजोड करू नये. दूरध्वनीवर “काम कसे चालले आहे?” एवढेच न विचारता “काल किती वाजता झोपलास?” हेही विचारावे.

अखेरीस निमंत्रण आले नाही, तर ते अपयश मानून घरात अबोला धरू नये. ताळेबंद वाचण्याची आणि गृहीत तपासण्याची सवय पतमापन संस्थांत, उद्योगांच्या अर्थविभागांत, किंबहुना स्वतःच्या घरच्या व्यवहारातही उपयोगी पडते. आणि निमंत्रण आले, तरी ते स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने शांतपणे विचार करावा: या दोन महिन्यांत जे आयुष्य आपण पाहिले, ते पुढील काही वर्षे आपल्याला हवे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर त्याचे त्यानेच द्यावयाचे आहे. घरच्यांनी त्याला ते मोकळेपणाने देऊ द्यावे.