तीन मुलाखती आणि एक गुणाकार

गेल्या व्याख्यानात आपण नाण्यापाशी थांबलो होतो. नाण्याला स्मरणशक्ती नसते, सलग चार वेळा छापा पडला म्हणून पाचव्यांदा काटा पडण्याची शक्यता वाढत नाही, हे आपण पाहिलं. आज उलटं उदाहरण घेऊ. ज्या गोष्टीला एक प्रकारची स्मरणशक्ती असते तिला आपण नाणं समजून बसतो, तेव्हा काय होतं? उदाहरण आमच्या घरातलं आहे, आणि ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीने सांगतो आहोत.

आमची भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या मुलीने तिथल्या मेडिकल कॉलेजांना अर्ज केले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस भाचीचा फोन आला. "मामा, तुम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, एवढं एक सांगा. हिला तीन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं होतं. दोन ठिकाणचे नकार आले. तिसरं राहिलंय. आता चान्स किती?" घाईचं कारणही होतं. कॅरिबियन बेटांवरच्या एका कॉलेजाने जागा देऊ केली होती, आणि तिथलं डिपॉझिट भरायला दहा दिवस उरले होते. पैसे परत मिळणार नव्हते.

ज्यांना तिथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्याकडे नीटचे गुण आले, क्रमांक आला, की गेल्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवून आई-वडील रात्रीतून अंदाज बांधतात, आणि तो बराचसा बरोबर येतो. आपल्या पुण्यात एएफएमसीला नीटनंतर मुलाखत असते, पण ते अपवादाचं उदाहरण. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, शिफारसपत्रं, निबंध, रुग्णालयातला अनुभव, आणि या सगळ्यातून निवडलेल्यांना मुलाखत. एका वर्षात पन्नास हजारांच्या वर उमेदवार अर्ज करतात आणि सुमारे 23,000 जण प्रवेश घेतात. एकेक उमेदवार सरासरी 17-18 कॉलेजांना अर्ज करतो. कटऑफ नावाची वस्तूच नाही. तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना गुणांनुसार एक तक्ता प्रसिद्ध करते. पदवीची सरासरी 3.79 च्या वर आणि एमकॅट 517 च्या वर (ही परीक्षा 472 ते 528 या मापात मोजतात), असे जे अगदी वरच्या चौकटीतले, त्यांच्यातलाही पाच-सहांतला एक कुठेच प्रवेश न मिळता राहतो. सांगलीत वाढलेल्या बापाला हे पचवणं फार कठीण जातं, हे आम्ही पाहिलं आहे.

तर या बापाने, म्हणजे आमच्या जावयाने, एक्सेलमध्ये गणित मांडलं होतं. मुलाखत झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ऑफर मिळते असं त्याने धरलं. ते तसं अवाजवी नव्हतं. समजा 150 जागा आहेत आणि 600 जणांच्या मुलाखती झाल्या. घाईत आपण म्हणतो, चारांतला एक. पण ऑफर मिळालेले सगळेच त्या कॉलेजात जात नाहीत, म्हणून कॉलेज जागांपेक्षा जास्त ऑफर देतं. 300 दिल्या तर मुलाखत झालेल्याची शक्यता निम्मी होते. पंचवीस टक्के नव्हे. इथपर्यंत जावई बरोबर.

पुढे त्याने गुणाकार केला. एका ठिकाणी नकाराची शक्यता निम्मी, दोन ठिकाणी पाव, तिन्ही ठिकाणी एक अष्टमांश. म्हणजे कुठेतरी प्रवेश मिळण्याची शक्यता साडेसत्त्याऐंशी टक्के! ऑक्टोबरपासून घर या आकड्यावर जगत होतं. दोन नकार आल्यावर घरात दोन पक्ष पडले. भाची म्हणत होती, "साडेसत्त्याऐंशी होते ना, मग तिसरं होणारच." जावई म्हणत होता, "नाही, प्रत्येक मुलाखत वेगळी, तिसऱ्याचे पन्नास ते पन्नासच." आमची भाची गेल्या वेळच्या नाण्याच्या चुकीत सापडली होती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जावई मात्र नाण्याचा नियम बरोबर लावत होता, फक्त मुलगी नाणं नव्हती.

आपले नैयायिक इथे उपयोगी पडतात. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती चालते. उलट फिरवून जिथे अग्नी तिथे धूर म्हटलं की चालत नाही. लोखंडाचा तापलेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. का? कारण धूर येतो तो ओल्या सरपणामुळे. ही जी आत लपलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. विचारलं नाही तर ती दिसत नाही. तीन मुलाखतींच्या गुणाकारातही अशी उपाधी आहे: तिन्ही मुलाखती एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच तो गुणाकार चालतो. पण तिन्हीकडे गेलेली मुलगी एकच. तोच एमकॅट, तीच शिफारसपत्रं, तोच निबंध, प्रश्न ऐकल्यावर उत्तर देण्याआधी थोडं थांबायची तीच सवय. पहिल्या कॉलेजाला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकण्याचा संभव आहे.

याने किती फरक पडतो? कागद-पेन्सिल घ्या. मुलाखत झालेले 200 उमेदवार कल्पू. त्यांतले 100 असे, की कुठेही गेले तरी ऑफरची शक्यता 80 टक्के. उरलेले 100 असे, की कुठेही 20 टक्केच. सगळ्यांची मिळून सरासरी पन्नास, म्हणजे जावयाचा आकडा आपण मोडलेला नाही. आता दोन नकार कुणाला येतील? पहिल्या शंभरांतल्या चौघांना. दुसऱ्या शंभरांतल्या 64 जणांना. दोन नकार हातात असलेले हे 68 जण तिसऱ्या ठिकाणी पोचले. तिथे चौघांतले तीन-साडेतीन निवडले जातील, 64 जणांतले बारा-तेरा. एकूण 16. अडुसष्टांत सोळा, म्हणजे साधारण चारांतला एक. पन्नास टक्के कुठच्या कुठे गेले! आणि मुळातला साडेसत्त्याऐंशीचा आकडाही याच हिशेबाने 74 वर येतो. (हे गट आम्ही बनवलेले आहेत. खरी माणसं दोन ढिगांत वाटलेली नसतात. पण दिशा हीच राहते.)

आम्ही हे फोनवर सांगितलं. पलीकडे शांतता. मग भाची म्हणाली, "म्हणजे पंचवीस टक्के." आम्ही म्हटलं, थांब, अजून एक विचारायचं राहिलंय: पंचवीस टक्के कुणाचे?

वर्तुळांच्या आकृत्यांमुळे आपल्याला माहीत असलेला जॉन व्हेन, त्याचा 'लॉजिक ऑफ चान्स' हा ग्रंथ 1866 चा. त्यात एक कोडं आहे. समजा, मडिरा बेटावर राहायला गेलेल्या दहा इंग्रजांतल्या नऊ जणांना तिथलं हवामान बाधतं. आणि समजा, तिथे गेलेल्या दहा क्षयरोग्यांतल्या नऊ जणांना ते मानवतं. आता एक इंग्रज क्षयरोगी आहे, त्याने जावं की नाही? दोन्ही आकडे खरे, आणि दोन्ही त्याला लागू. शक्यता माणसाच्या अंगाला चिकटलेली नसते. आपण त्याला ज्या गटात बसवतो त्या गटाची ती असते. आमच्या नातीला 'दोन नकार आलेले' या गटात बसवलं तर चारांतला एक. पण तिसरं कॉलेज तिच्याच राज्यातलं, सरकारी. अशी कॉलेजं आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, आधीची दोन्ही परराज्यातली होती. त्या गटाचा आकडा वेगळा, आणि जास्त. 'दोन नकार आलेले, पण तिसरं घरच्या राज्यातलं' या गटात इतकी थोडी मुलं असतात की त्यांचा आकडा कुणी छापत नाही. म्हणून आम्ही सांगितलं, पावापेक्षा जास्त आणि निम्म्याच्या आत धर, आणि पुढचा दशांश मागू नकोस.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तिथे येऊ. दोन दिवसांनी नातीने स्वतः फोन केला. ती म्हणाली, "आजोबा, बाबांना सांगितलेलं मी ऐकलं. म्हणजे मी त्या वीस टक्केवाल्यांतली आहे. म्हणजे मी चांगली डॉक्टर होणार नाही, हेच ना?"

आमच्या गणितातून तिने हे काढलं होतं, आणि आम्हाला वाईट वाटलं, कारण मांडणी आमची होती. ते दोन गट होते 'मुलाखत घेणाऱ्यांना आवडणारे' आणि 'न आवडणारे'. डॉक्टरकीचा त्यात उल्लेखही नव्हता. पण हा फरक पुराव्याशिवाय सांगितला तर ते नुसतं सांत्वन होतं. पुरावा आहे.

1979 साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजाने मुलाखती घेऊन नेहमीप्रमाणे 150 जण निवडले. सुमारे 800 जणांच्या मुलाखती झाल्या होत्या, त्यांची क्रमवारी लागली होती, आणि निवडलेले सगळे पहिल्या 350 मधले होते. मग राज्याच्या विधिमंडळाने सांगितलं, आणखी पन्नास घ्या. तोवर उशीर झालेला होता आणि वरच्या क्रमांकांचे उमेदवार दुसरीकडे गेले होते. उरले होते ते तळाचे, 700 ते 800 क्रमांकांच्या दरम्यानचे. त्यांतले पन्नास घेतले. यांतल्या बहुतेकांना दुसऱ्या कुठल्याच मेडिकल कॉलेजाने घेतलेलं नव्हतं. पुढे या पन्नास जणांची आधीच्या दीडशेंशी तुलना केली, आणि 1987 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ती छापून आली. अभ्यासक्रमात, रुग्णांबरोबरच्या कामात, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात, दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. आणि गंमत पाहा, क्रमवारीत त्यांना इतकं खाली ढकललं होतं ते मुख्यतः मुलाखतीतल्या मतांनी.

इथे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. निरनिराळ्या कॉलेजांनी तीच मुलं नाकारली, म्हणजे परीक्षकांचं एकमेकांशी जमत होतं. आणि तरी ते ज्या गोष्टीचा अंदाज करत होते ती त्यांना दिसत नव्हती. एकमत आणि सत्य यांत आपण नेहमी गल्लत करतो. तीन साक्षीदार एकच सांगतात म्हणून ते खरं मानतो, पण तिघे एकाच खिडकीतून पाहत असतील तर? म्हणून आम्ही नातीला सांगितलं, दोन नकारांवरून तिसऱ्या नकाराचा अंदाज बांध, तो बांधायलाच हवा. त्यांवरून स्वतःचा अंदाज बांधू नकोस. हे एकच गणित नाही.

एक सावधगिरी. ह्यूस्टनचे ते पन्नास जणही मुलाखतीपर्यंत पोचलेले होते. हजारो अर्जांतून चाळून आलेल्यांबद्दल हे बोलणं आहे. मुलाखतच मिळाली नाही अशांना ते जसंच्या तसं लावता येत नाही.

वेळ होत आला. प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून: सर, मग डिपॉझिट भरलं का?)

नाही भरलं. पण शक्यता जास्त होती म्हणून नव्हे, हे लक्षात घ्या. तिसऱ्या कॉलेजाचे पंचवीस टक्के धरा नाहीतर चाळीस धरा, कॅरिबियनला जावं की वर्षभर थांबून पुन्हा अर्ज करावा, हा प्रश्न उरतोच. बाहेरच्या देशांत शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी साधारण तीनांतल्या दोघांना परत येऊन रेसिडेन्सीची जागा मिळते. अमेरिकेत एमडी करणाऱ्यांत दहांतल्या नवांहून जास्त जणांना मिळते. हा आकडा समोर ठेवल्यावर भाचीने निर्णय घेतला. आमच्या अडुसष्टांत सोळाचा त्यात काहीच वाटा नाही, आणि ते आम्हाला बरोबर वाटतं.

(श्रोत्यांतून: आणि तिसऱ्या कॉलेजाचं काय झालं?)

वेटलिस्ट. तिथली कॉलेजं 15 मार्चपर्यंत निदान जागांइतक्या ऑफर देऊन टाकतात. ज्यांच्या हाती एकाहून जास्त प्रवेश आहेत त्यांना 30 एप्रिलपर्यंत एक निवडायचा असतो, आणि मग वेटलिस्ट हलायला लागते. म्हणजे आता शक्यता तिच्यावर नाही, परीक्षकांवरही नाही. ज्यांना ती कधी भेटलेली नाही अशा मुलांच्या पसंतीवर ती आहे. गट पुन्हा बदलला! पुढच्या वर्षीचा अर्ज मे महिन्यात उघडतो. तिने निबंध पुन्हा लिहायला घेतला आहे, पहिला मसुदा आम्हाला पाठवला होता. फार लांब झाला आहे, तसं कळवलं.

मागून कुणाचा तरी हात वर होता.